नक्षीदार लाकडाची स्लॅब सपाट करून टेबल बनवायचंय? नेहमी येणारे प्रश्न

आंब्याची, सागाची किंवा रेनट्रीची एखादी भली जाड स्लॅब घरी येते, आठ दिवस भिंतीला टेकून उभी राहते आणि मग प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर निदान प्रश्न ३ वाचल्याशिवाय मशीनला हात लावू नका. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक तिथेच सुरू झालेल्या असतात.

१. स्लॅब आणि फळीत फरक काय? आणि ‘नक्षीदार’ नेमकं कशाला म्हणायचं?

ओंडका उभा चिरून काढलेली जाड, अखंड पाटी म्हणजे स्लॅब. तिच्या दोन्ही कडा झाडाच्या मूळ आकाराच्या असतात. फळी चारी बाजूंनी काटकोनात कापलेली असते.

नक्षी वरून आलेली नसते, ती रेषांच्या चालीतून तयार होते. खोडातले तंतू सरळ न जाता नागमोडी गेले की पृष्ठभागावर उजेड-अंधाराच्या लहरी दिसतात आणि आपण हललो की त्याही हलतात. फांदी फुटते त्या बेचक्यात पिसासारखी नक्षी मिळते. खोडावरच्या गाठोड्यासारख्या फुगवट्यात बारीक डोळे-डोळे दिसतात. आंब्यात बऱ्याचदा काळ्या, शाईने काढल्यासारख्या रेघा असतात. ती बुरशीची करामत. लाकूड वेळेत वाळलं तर बुरशी थांबते आणि रेघा राहतात. उशीर झाला तर तो भाग भुसभुशीत होतो. नखाने दाबून पाहा, नख रुतलं तर तो भाग टेबलाच्या कामाचा नाही.

२. पावसाळ्यात आमच्या सोसायटीतली रेनट्री पडली. खोड फुकट मिळतंय, घेऊ का?

घ्या, पण आधी कागद. महाराष्ट्रात झाडतोडीसाठी १९६४ चा कायदा आहे आणि शहरी भागासाठी १९७५ चा. पडलेलं झाड उचलण्याआधीही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे चौकशी करा. वखारीतून घेत असाल तर पक्कं बिल मागा. सागवान आणि शिसवीच्या बाबतीत तर आग्रहच धरा.

दुसरी गोष्ट खिळ्यांची. रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे, दिव्यांच्या माळांचे, कुंपणाच्या तारांचे खिळे खोल गेलेले असतात आणि वरून साल वाढलेली असते. लाकडात काळी-निळी झाक दिसली की आत लोखंड आहे असं समजा. हातात धरायचा मेटल डिटेक्टर करवतीच्या एका पट्ट्यापेक्षा स्वस्त पडतो.

रेनट्रीचं लाकूड मात्र या कामाला छान आहे. रुंद मिळतं आणि वाळताना इतरांच्या मानाने कमी आक्रसतं.

३. स्लॅब सुकली आहे हे कसं ओळखायचं? विकणारा म्हणतो ‘दोन वर्षं पडून आहे’.

पडून असणं आणि सुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंचाला एक वर्ष असा जुना ठोकताळा आहे, पण तो नीट थप्पी लावलेल्या लाकडासाठी: खाली वारा, प्रत्येक स्लॅबमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, वर छप्पर. भिंतीला टेकवून ठेवलेली स्लॅब बाहेरून वाळते, आतून ओली राहते.

मॉइश्चर मीटर वापरा, पण दोन टोचण्यांचा साधा मीटर वरच्या काही मिलिमीटरांचीच बातमी देतो. खात्री हवी असेल तर टोकापासून हातभर आतून एक छोटा तुकडा काढा, वजन करा आणि ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. २४० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅमवर थांबला तर गेलेलं पाणी ४० ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या २० टक्के. असं लाकूड टेबलाला चालणार नाही. १० ते १२ टक्के आले की कामाला लागा.

तुकडा कापवत नसेल तर सोपा मार्ग आहे. स्लॅब घरात आणा, दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि तारखेसह खडूने तिच्यावरच लिहा. सलग तीन वजनं सारखी आली की ती तुमच्या घरच्या हवेला रुळली.

माझी पहिली स्लॅब आंब्याची होती. आषाढात आणली, श्रावणात सपाट केली आणि दिवाळीत तिच्यावर फराळाची ताटं डुलत होती.

४. सुकलेलं लाकूड पुन्हा हलतं म्हणतात. किती हलतं?

लांबीत जवळपास नाहीच, रुंदीत चांगलंच. सागाचं उदाहरण घेऊ. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ते वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आक्रसतं आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्म्याहूनही कमी. ओलाव्यातल्या एका टक्क्याच्या फरकाला रुंदीत सुमारे ०.२ टक्के, असा हिशेब बसतो. ९०० मिमी रुंद स्लॅबमध्ये उन्हाळा ते पावसाळा ६ टक्क्यांचा फरक पडला तर ती सेंटीमीटरभर फुगेल. या दोन दिशांमधल्या फरकामुळेच स्लॅब पन्हळीसारखी वळते.

तेल, पॉलिश, पीयू (पॉलियुरेथेन), काहीही लावा. हालचाल सावकाश होते, थांबत नाही. म्हणून पाय कसे बसवायचे (प्रश्न १५) हा शोभेचा प्रश्न नाही.

५. माझी स्लॅब पिळली आहे. एक कोपरा १२ मिमी वर आहे. सपाट केल्यावर काय उरेल?

हिशेब करून पाहा. स्लॅब ५५ मिमी जाड आहे आणि तीन कोपरे टेकवून चौथा १२ मिमी वर राहतोय. तशीच ठेवून दोन्ही बाजू सपाट केल्या तर १२ मिमी जाऊन ४३ उरतील. त्याऐवजी स्लॅब थोडी कलती करून पीळ समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत वाटा, म्हणजे प्रत्येकी ६ मिमी, आणि त्या दोन्ही कोपऱ्यांखाली पाचरी मारा. आता ६ मिमीच जातील, ४९ उरतील. दहा मिनिटांच्या कामात ६ मिमी लाकूड वाचलं.

पीळ डोळ्यांना सहज दिसत नाही. सारख्या उंचीच्या दोन सरळ पट्ट्या स्लॅबच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि एकीच्या धारेवरून दुसरीकडे नजर लावा. धारा समांतर दिसल्या नाहीत तर पीळ आहे. पट्ट्या स्लॅबच्या रुंदीपेक्षा लांब घेतल्या तर चूक आणखी मोठी होऊन दिसते.

पाचरी हलू नयेत म्हणून गरम गोंदाचा एक-एक ठिपका द्या. फार वाकलेली स्लॅब खाली दाबून शिकंज्यात आवळू नका. सुटली की ती परत मूळ आकाराला जाते.

६. राऊटर स्लेड घरी बनवता येईल का?

येईल. दोन बाजूंना सरळ रूळ, त्यावर आडवी सरकणारी पेटी, पेटीत राऊटर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड खाणारं मशीन. मुळात ही रंध्याचीच कल्पना आहे, फक्त इथे सपाटी हाताऐवजी रुळांकडून येते. म्हणून रूळ चुकले की सगळंच चुकलं.

दोन्ही रूळ एकाच पातळीत आहेत का हे दोऱ्याने बघा. एका रुळाच्या या टोकापासून दुसऱ्याच्या त्या टोकापर्यंत तिरका दोरा ताणा, मग उलट्या कर्णावर दुसरा. मधोमध दोरे एकमेकांना नुसते स्पर्श करत असतील तर ठीक. फट पडली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं तर एखादा कोपरा उचला किंवा उतरवा. दोऱ्यांनी जागा बदलून पुन्हा एकदा तपासा. लेझर असेल तर उत्तमच, पण दोऱ्याला बॅटरी लागत नाही.

पेटीचा तळ राऊटरच्या वजनाने मध्ये झोळ खाता कामा नये. १८ मिमी प्लायला उभ्या पट्ट्या मारा किंवा अल्युमिनियमचे चौकोनी पाइप वापरा. राऊटर अर्धा इंची कॉलेटचा (पात्याचा दांडा पकडणाऱ्या तोंडाचा) घ्या. बिट, म्हणजे फिरणारं पातं, ४० ते ५० मिमी रुंद चालेल, पण एवढ्या मोठ्या बिटला वेग कमी लागतो, मिनिटाला १० ते १२ हजार फेऱ्या. एका वेळी दीड-दोन मिमीच्या वर खाऊ नका. मास्क, चष्मा आणि कानाला बोळे हवेतच. सागाचा आणि शिसवीचा भुसा कित्येकांच्या नाकाला आणि कातडीला झोंबतो.

७. मशीन नाही. हातरंध्याने जमेल?

जमेल, शेजारीही खूश राहतील. फक्त सुरुवात रेषेच्या दिशेने करू नका. रंध्याचं पातं थोडं गोलाई दिलेलं घ्या आणि आधी आडवं, रेषांना काटकोनात चालवा. उंचवटे पटापट उतरतात. मग तिरकं, दोन्ही कर्णांवर. शेवटी लांबीच्या दिशेने, बारीक पात्याने. मधून मधून प्रश्न ५ मधल्या पट्ट्या ठेवून पाहा. पलीकडच्या कडेला कपची उडू नये म्हणून तिथे आधीच छोटा उतार द्या.

दोन मीटरच्या सागाला दोन दिवस धरा. बाभळीला मी तारीख देत नाही.

८. नक्षीच्या जागीच रेषा उखडतात, खड्डे पडतात. काय चुकतंय?

बहुधा काहीच नाही. जी वळणं नक्षी दाखवतात, तीच हे करतात. लहरी लाकडात दर बोटभर अंतरावर रेषा उलटते. तुम्ही कुठूनही रंधा मारा, अर्ध्या जागी तो उलट्या रेषेलाच लागतो. पातं कापायच्या आधी तंतू उचलतं आणि तंतू मुळासकट निघतो.

पहिला उपाय धार. दुसराही धारच. ‘कालच लावली होती’ चालत नाही. शेवटचे पदर काढण्याआधी पुन्हा लावा. त्यानंतर पातं इतकं आत घ्या की ढलपीतून पलीकडची अक्षरं दिसावीत. पात्यावरची दुसरी पट्टी धारेच्या अगदी जवळ, पाव मिलिमीटरवर आणा. ती ढलपी लगेच मोडते आणि तंतूला उचलायला वेळ देत नाही. तरीही उखडत असेल तर कोन वाढवा. नेहमीच्या रंध्यात पातं ४५ अंशांत बसतं. पात्याच्या सपाट बाजूला १५ अंशांचा बारीकसा चट्टा दिला की कापण्याचा कोन ६० होतो. ढकलायला जड जातं, पण पृष्ठभाग शाबूत राहतो.

राऊटरवाल्यांनी शेवटचा फेरा अर्ध्या मिलिमीटरचा ठेवावा. बेचक्याच्या जागी आधी ओलं फडकं फिरवलं की तंतू मऊ पडतात. पातळ लाखेचा हात दिला तर उलट ते ताठ होतात आणि तुटायच्या ऐवजी कापले जातात. दोन्ही युक्त्या चालतात, मी लाख पसंत करतो.

यानंतरही राहिलेले खड्डे पोलादी स्क्रेपरने काढा. पट्टीची धार घासून तिला कडक सळईने किंचित आकडा द्यायचा आणि ती अंगठ्यांनी वाकवून ओढायची. भुसा पडला तर आकडा गेलाय, ढलपी पडली तर बरोबर आहे. एका जागी खोल जाऊ नका, आजूबाजूलाही हात फिरवा. नाहीतर पॉलिशनंतर तिथे वाटी दिसेल.

९. खालची बाजू कोण बघतंय? ती सपाट करायलाच हवी का?

पाय बसतील तिथे तरी हवी. आणि दोन्ही बाजूंनी साधारण सारखं लाकूड काढणं बरं. एकाच बाजूने १० मिमी काढलं तर आतला जास्त ओला थर एकीकडेच उघडा पडतो आणि स्लॅब पुन्हा वळते. मी आधी दोन्ही बाजू ढोबळ सपाट करतो, २-३ मिमी राखून ठेवतो, आठवडाभर पट्ट्यांवर ठेवून दोन्हीकडून वारा देतो आणि मग शेवटचा हात मारतो.

१०. चिरा आणि गाठींची भोकं कशी भरू?

आधी चीर जिवंत आहे की मेलेली ते ठरवा. टोकाला पेन्सिलने रेघ मारून महिनाभर थांबा. रेघेच्या पुढे गेली नाही तर नुसती भरा. वाढणारी असेल तर तिच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी चावी बसवा. चावीची रेषा चिरेला काटकोनात हवी आणि खोली स्लॅबच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. अमेरिकन सुतार-वास्तुकार जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) यांनी अशा चाव्या न लपवता मुद्दाम दाखवल्या आणि कडा नैसर्गिक ठेवलेल्या टेबलांना प्रतिष्ठा मिळवून दिली. तरुणपणी, १९३० च्या दशकात, त्यांनी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातल्या गोलकोंड इमारतीवर काम केलं होतं.

भरण्यासाठी इपॉक्सी ठीक. चिरेच्या आतल्या भिंतींना आधी पातळ हात द्या, नाहीतर लाकडातली हवा बुडबुडे होऊन रात्रभर वर येत राहते. डब्यावर लिहिलेल्या जाडीपेक्षा एका वेळी जास्त ओतू नका. इपॉक्सी घट्ट होताना स्वतः तापते आणि जाड थरात ती पिवळी पडते, तडकते. दमट हवेत वर मेणचट थर आला तर तो पाण्याने धुऊन मगच घासा.

नदीसारखी निळी इपॉक्सी ओतायची का, असंही विचारतात. टेबल तुमचं आहे. पण लहरी आंब्याच्या शेजारी निळा रंग ठेवला की बघणाऱ्याची नजर आंब्याकडे जात नाही.

११. कडेची साल ठेवू का?

काढा. आज घट्ट वाटली तरी दोन उन्हाळ्यांत सुटते आणि तिच्याखाली किड्यांना आयतं घर मिळतं. पटाशी आडवी धरून सोला, मग तारेच्या ब्रशने घासा. सालीखालची मूळ वळणं मात्र सरळ करू नका.

१२. टेबलाखाली रोज बारीक पिवळसर पीठ पडतंय.

लाकूड पोखरणारे किडे आहेत, वाळवी नव्हे. त्यांच्या अळ्या सालीलगतच्या फिक्या लाकडातल्या पिठूळपणावर जगतात. आंब्याला हा त्रास जास्त, सागाच्या गाभ्याला सहसा नाही. फिनिश लावण्याआधी कळलं तर कोऱ्या लाकडाला बोरॅक्स-बोरिकचं पाणी सगळीकडून भरपूर पाजा आणि पुन्हा वाळू द्या. नंतर कळलं तर भट्टीत तापवणं हाच भरवशाचा उपाय. पॅकिंगच्या लाकडासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम गाभ्यापर्यंत ५६ अंश आणि ३० मिनिटं असा आहे. जाड स्लॅबचा गाभा तेवढा तापायलाच कित्येक तास लागतात. भोकात रॉकेल सोडणं सगळे सांगतात. त्याने पॉलिश तेवढं खराब होतं.

१३. पॉलिश पेपर कोणत्या नंबरपर्यंत मारायचा?

८०, १२०, १५०, १८०, २२०. मधला नंबर गाळला की आधीच्याचे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. प्रत्येक नंबरनंतर खोलीत अंधार करून टॉर्च स्लॅबवर आडवी झोपवा. दिवसा न दिसलेलं सगळं दिसेल. १८० नंतर ओलं फडकं फिरवा, उठलेले तंतू वाळू द्या आणि मग २२० ने कापा.

पीयू किंवा मेलामाइनला २२० पुरे, त्याहून गुळगुळीत केलं तर पकड कमी होते. तेलाला मात्र नक्षीच्या जागी ३२० पर्यंत गेलात तर झळाळ वाढतो.

१४. तेल, लाख की पीयू?

घरात कोण राहतं त्यावर आहे. लहान मुलं, गरम भांडी, सांडलेला चहा असेल तर पीयू. नक्षीत खोली हवी आणि वर्षाकाठी एक रविवार द्यायची तयारी असेल तर जवसाचं शिजवलेलं तेल, ज्याला दुकानात बेलतेल म्हणतात, किंवा टंग ऑइल. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. न पुसलेलं तेल चिकट राहतं. लाख नक्षी सुंदर उजळवते, पण स्पिरिटने विरघळते आणि गरम कपाने डाग धरते, म्हणून टेबलावर ती खालच्या हातापुरतीच. वर पीयू येणार असेल तर मेण काढलेली लाख घ्या.

सागवान तेलकट असतं. पीयूआधी थिनरने पुसा आणि उडून गेलं की लगेच पहिला हात द्या. मुसळधार पावसात लॅकर किंवा मेलामाइन फवारू नका, वर पांढरट ढग धरतो.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्यायचे. कारण प्रश्न ९ सारखंच आहे.

१५. पाय थेट स्क्रूने आवळले तर?

मधला स्क्रू आवळा, बाकीच्यांना हलायला जागा द्या. लोखंडी चौकटीची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करून घ्या, फॅब्रिकेटर पाच मिनिटांत करतो. प्रश्न ४ मधली सेंटीमीटरभर हालचाल मधल्या स्क्रूपासून दोन्हीकडे निम्मी-निम्मी वाटली जाते, म्हणजे कडेच्या स्क्रूला दोन्ही बाजूंनी ५-६ मिमी वाव पुरे. घट्ट आवळलेली स्लॅब चिरते, आणि ती नेमकी बेचक्यातून चिरते.

१६. सागाला आणि बाभळीला काळे डाग पडलेत. पॉलिश तर झालं नव्हतं.

लोखंडाचे डाग आहेत. या लाकडांतलं टॅनिन, थोडा ओलावा आणि लोखंडाचा कण एकत्र आले की शाईच तयार होते. ग्राइंडरचा भुगा, तारेचा चोथा, ओल्या स्लॅबवर ठेवलेला शिकंजा, काहीही पुरतं. ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावलं की डाग फिका पडतो, मग भरपूर धुवा. ते विषारी आहे, हातमोजे घाला, आणि वाळल्यावर घासताना मास्क विसरू नका.

१७. स्लॅब ठाण्यात बनवतोय, टेबल नागपूरला भावाकडे जाणार आहे. काही वेगळं करायचं?

हो, आणि हे आधी विचारलंत ते बरं झालं. मुंबई-ठाण्याच्या पावसाळी हवेत लाकूड १५-१६ टक्क्यांवर रुळतं. नागपूरला मे महिन्यात, आर्द्रता २५-३० टक्क्यांवर उतरली की तेच ५-६ पर्यंत जातं. दहा टक्क्यांचा फरक म्हणजे ९०० मिमीच्या सागात सतरा-अठरा मिमी. त्यातला बराच भाग पहिल्याच उन्हाळ्यात.

जमलं तर ढोबळ सपाट केलेली स्लॅब हिवाळ्यात नागपूरला पाठवा, भावाच्या घरी पट्ट्यांवर आडवी ठेवा, प्रश्न ३ प्रमाणे वजनं लिहून घ्यायला सांगा आणि शेवटचा हात तिथल्या सुताराकडून मारून घ्या. जमत नसेल तर निदान पावसाळ्यात काम उरकू नका, चौकटीची भोकं प्रश्न १५ पेक्षा दुप्पट लांब ठेवा आणि दोन्ही टोकांना पीयूचे जादा हात द्या, कारण ओलावा तिथूनच सगळ्यात भराभर जातो. कूलर टेबलाच्या एका बाजूला येणार नाही एवढं भावाला फोनवर सांगून ठेवा.